आलोऽऽ!

चिलीच्या दक्षिणेकडच्या आमच्या कोयाइके शहरात कुणाच्या दारावर थाप मारायची पद्धत नाही. फाटकाशी उभं राहायचं, घसा खाकरायचा आणि घराच्या दिशेनं ओरडायचं, "आलोऽऽ!" 'आहे का कुणी घरात' एवढाच त्याचा अर्थ. बाई असो की बाप्या, सगळे 'आलो'च म्हणतात. आतून "या की!" असं उत्तर आलं की मगच फाटकाची कडी काढायची. उत्तराशिवाय कडी काढणारा एक तर चोर असतो, नाहीतर धर्माची पत्रकं वाटणारा. काही घरांना घंटी आहे, पण ती फक्त सरकारी माणूस वाजवतो. त्यामुळे घंटी वाजली की शहाणी माणसं आधी पडद्याच्या फटीतून बघून घेतात.

आणि हाक ऐकूनही जो उत्तर देत नाही, त्याच्याशी गल्ली बोलणं टाकते. भांडण परवडलं, भांडणात निदान आवाज तरी असतो.

ओतीलिया मान्सिया या बाबतीत कधी चुकली नव्हती. साठी उलटलेली विधवा बाई, शिवणकामावर जगणारी, तोंडानं फटकळ. पण फाटकावर हाक आली की सुई कापडात तशीच ठेवून "या की!" म्हणणारी. तिच्या लाकडी घराच्या खिडक्या एकेरी काचेच्या होत्या. त्यांतून पाटागोनियाचा वारा ओळखपाळख नसताना आत यायचा. हिवाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचं. चुलीत लाकूड कोंबून कोंबून ती सकाळी घर गरम करी आणि दुपारपर्यंत ते सगळं फटींतून निघून जाई. धूर तेवढा घरात राही. दहा वर्षं ती खोकत होती. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "दोन्या ओतीलिया, चूल तरी ठेवा, नाहीतर फुफ्फुसं तरी." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे आदरानं 'दोन्या' म्हणतात.

म्हणून घरं उबदार करून देण्याच्या सरकारी योजनेत तिनं नाव घातलं आणि पहिल्याच फेरीत, सगळ्या गल्लीतून एकटीचं, ते निघालं.

काम करायला माएस्त्रो ओयार्सो आला. आमच्याकडे खिळा सरळ ठोकता आला की माणूस माएस्त्रो होतो, पण हा खरंच कामाचा होता. त्यानं भिंतींच्या फळ्या काढून आत जाड लोकरीचे थर बसवले, फटी बुजवल्या आणि सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा घातल्या, दोन काचांच्या मध्ये बंद हवा. मग उत्तरेच्या मोठ्या खिडकीसमोरची भिंत उघडली. इकडं सूर्य उत्तरेकडून हिंडतो, त्यामुळे हिवाळ्यातलं जे काही ऊन मिळेल ते त्या भिंतीवर पडायचं. तिच्यात त्यानं चपट्या चपट्या पिशव्या ओळीनं लावायला घेतल्या.

"यात काय आहे?" ओतीलियानं विचारलं.

"मीठ."

"मीठ? भिंतीत?"

"खायचं नाही, दोन्या. वेगळं आहे. दिवसा उन्हानं ते वितळतं आणि ऊब पोटात घेतं. रात्री गारठा पडला की थिजतं आणि घेतलेली ऊब परत देतं."

"माझ्या आईच्या हातून चिमूटभर मीठ सांडलं असतं तर तिनं आठवडाभर अपशकुनाची वाट पाहिली असती. तुम्ही पोत्यानं भरताय."

"सांडत नाहीये, साठवतोय," माएस्त्रो म्हणाला आणि पुढची पिशवी ठोकली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते पुढच्या सोमवारी. सोमवार हा तिच्या भावाचा, बेलार्मिनोचा वार. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, वरच्या खोऱ्यात एकटा राहायचा, लाकूड तोडून शहरात आणायचा. दर सोमवारी अकराच्या सुमाराला तो फाटकावर हाक मारी, तिच्या चुलीपुढं बसे, आणि दोघं पोकळ भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीनं, येर्बाचा कडू चहा ओढत तासभर भांडत. भांडण त्यांना लागायचंच. त्या सोमवारी तो आला तेव्हा माएस्त्रोची माणसं लोखंडी चूल उचलून बाहेर नेत होती.

"हे कुठं चाललंय?" बेलार्मिनोनं विचारलं.

"भंगारात. योजनेची अटच आहे. जुनी चूल दिल्याशिवाय खिडक्या नाहीत."

"चूल दिलीस. खिडक्यांसाठी."

"छातीसाठी दिली, मिनो. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं होतं तुला."

"तीस हिवाळे माझ्या लाकडावर चालली की तुझी छाती!"

"चालली? खोकत चालली!"

हे शब्द तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. बेलार्मिनोनं त्या मिठाच्या पिशव्यांकडं पाहिलं.

"म्हणजे माझ्याच लाकडानं तुला आजारी पाडलं," तो म्हणाला. "बरं. आता बस मिठाच्या भिंतीशी गप्पा मारत."

तो गेला, आणि पुढच्या सोमवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मान्सियांच्या घरात राग नाकावर असतो, पण उतरायला त्याला जिना सापडत नाही. ओतीलियाही त्याच घरातली; इकडं लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव जात नाही, आणि रागही. 'येईल झक मारत,' असं तिनं कुत्र्याला सांगितलं.

घर मात्र बदललं, ते मान्य करायला हवं. जूनमध्ये, म्हणजे इकडच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, पहिला कडक गारठा पडला त्या सकाळी ती सवयीनं तीन स्वेटर चढवून अंथरुणातून उठली आणि पाच मिनिटांत दोन काढून टाकले. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी छोटी शेगडी अजून पेटवलीही नव्हती. तिनं मिठाच्या भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती. आदल्या दिवशीचं ऊन रात्रभर खाल्ल्या मिठाला जागलं होतं म्हणायचं. ओतीलिया अनवाणी स्वयंपाकघरात गेली, अनवाणीच परत आली आणि तिथं उभ्या उभ्या थोडं रडली. दहा वर्षांत पहिल्यांदा तिची खोकल्याशिवाय रात्र गेली होती.

शिवणयंत्र तिनं उत्तरेच्या खिडकीशी हलवलं. खिडकीकडं पाठ करून बसायचं, म्हणजे ऊन पाठीवर आणि उजेड खांद्यावरून कापडावर. म्हातारं कुत्रं पूर्वी फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायचं, तेही आता आत येऊन मिठाच्या भिंतीला टेकून घोरत पडायला लागलं. शांतता होती. बाहेर वारा झाडांना झोडपताना दिसायचा आणि आत फक्त यंत्राची घरघर.

पण माणसं येईनाशी झाली.

आधी अंडीवाली दोन्या क्लोरिंदा यायची थांबली. मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघीतिघी, ज्या कपडे शिवायला यायच्या आणि कपड्यांपेक्षा जास्त बातम्या देऊन जायच्या. दुकानात भेटल्या तर तोंडं फिरवायच्या. ओतीलियानं हिशेब लावला: गल्लीत एकटीचं नाव निघालं ना, पोटात दुखतंय मेल्यांच्या. मग तीही ताठली. दुकानात ती आपण होऊन कुणाला नमस्कार करीना. जे ऐकू येत नाही, ते ऐकू येत नाही हे माणसाला कळावं तरी कसं?

सोमवारी मात्र अकरा वाजले की ती यंत्राचा वेग कमी करी. कबूल केलं नसतं तिनं, पण तिचे कान फाटकाकडं असत. तेव्हा तेव्हा ती मनाशी म्हणे, तो आला तर आपण चुलीविषयी अवाक्षर काढायचं नाही. फक्त यावं त्यानं.

जुलैच्या एका बुधवारी तिनं काचा बाहेरून पुसायला घेतल्या. शेजारपाजारच्या धुरानं त्यांच्यावर काजळी धरली होती. साडेबाराला रेडिओवर निरोप लागतात. वरच्या खोऱ्यांत फोन म्हणजे खिशातला दगड, म्हणून अजूनही कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाची हरवलेली गाय, सगळं रेडिओवरून कळवतात. ओतीलिया ते निरोप चुकवत नसे. न जाणो, मिनोचा एखादा असायचा. बाहेरून ऐकू यावं म्हणून तिनं रेडिओचा कान पूर्ण पिळला आणि फडकं घेऊन ती अंगणात गेली.

काही ऐकू येईना. तिला वाटलं वीज गेली. आत आली तर निवेदिका अशी गरजत होती की कुत्रं वैतागून पलंगाखाली गेलं होतं. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं. काहीच नाही. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग फडकं हातात तसंच घेऊन ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. काचेतून दिसत होतं, कुत्रं पलंगाखालून निघून पुन्हा भिंतीशी येऊन पडलं होतं.

तिनं छाती भरून हाक मारली, "आलोऽऽ!"

कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही.

"आलोऽऽ! आलोऽऽ!"

"काय गं बाई, स्वतःच्याच घराला हाका मारायला लागलीस?" पाठीमागून आवाज आला. अंड्यांची टोपली काखेत घेऊन दोन्या क्लोरिंदा उभी होती. "मारून बघ, मारून बघ. त्या घरातून कुणी उत्तर देत नाही. दीड महिना मारल्यात मी."

"क्लोरिंदा, मला ऐकूच येत नव्हतं!"

"हो का? शिंप्याची सुई पडली तर ऐकू येते तुला."

"या काचा! ये, आत ये, तुला दाखवते." ओतीलियानं तिचा दंड धरला, आत नेलं, रेडिओ ऐकवला, बाहेर आणलं, पुन्हा आत नेलं. तिसऱ्या खेपेला क्लोरिंदानं टोपली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"अगं देवा! आणि आम्ही म्हटलं, काचा दुहेरी झाल्या तशी ही बाईही दुहेरी झाली, आम्हाला ओळख देईना. सगळ्या गल्लीला सांगितलं मी." मग एकाएकी तिचा चेहरा उतरला. "ओतीलिया... सोमवारी तुझा भाऊ आला होता."

"मिनो?"

"मी समोरच्या फाटकाशीच होते. चार हाका मारल्या त्यानं. चार! तू यंत्रावर, त्याच्याकडं पाठ करून. त्यानं टोपी काढली, थोडा वेळ हातात धरून उभा राहिला, मग घातली आणि गेला. मला वाटलं, बहीणभावांचं आहे, आपण मध्ये का पडा." क्लोरिंदा टोपलीतली अंडी विनाकारण सारखी करत होती. "परवा शुक्रवारी चाललाय ना तो? पुंता अरेनासला, लेकीकडे. चारच्या बसनं. बैल विकले म्हणे. कायमचाच चाललाय. तेच सांगायला आला असणार."

ओतीलिया खुर्चीत बसली. तीन महिने ती ज्या हाकेसाठी कान लावून बसली होती, ती हाक चार वेळा येऊन गेली होती, आणि ती पाठीवर ऊन घेत कुणाच्या तरी पँटची शिलाई मारत होती. सदुसष्ट वर्षांच्या भावाला तिनं फाटकावर उभं ठेवून पाठ दाखवली होती. आणि आता तो पुंता अरेनासला जाणार होता, दीड दिवसाच्या प्रवासाला. या वयात दोघांपैकी कुणी ते अंतर पुन्हा तोडणार नव्हतं.

तिनं आधी फोन केला. दगडच. मग ती वरच्या खोऱ्यात गाडी नेणाऱ्याकडं गेली. तो म्हणाला, "चढावर गुडघाभर बर्फ आहे, दोन्या. सोमवारशिवाय मी जात नाही. आणि तुमच्या या छातीनं तुम्हाला तर मुळीच नेणार नाही." राहिला रेडिओ.

आता हे लिहायला सोपं आहे, पण ओतीलियानं आयुष्यात रेडिओवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा कधी दिल्या नव्हत्या. 'घरातलं घरात' हा तिचा बाणा. निरोप म्हणजे सगळा आयसेन प्रांत जेवताना ऐकणार. ती त्या छोट्या कचेरीत खिडकीपुढं उभी राहिली आणि तिनं निरोप सांगायला सुरुवात केली. टेबलामागची मुलगी लिहीत गेली आणि शेवटी वाचून दाखवू लागली.

"'बेलार्मिनो मान्सिया, वरचं खोरं, यांना त्यांची बहीण ओतीलिया कळवते: सोमवारी तुझी हाक मला ऐकू आली नाही. नव्या काचांतून आवाज आत येत नाही. मी रागावले नव्हते. शुक्रवारपर्यंत अकरा ते एक खिडकी उघडी ठेवते आहे. न भेटता जाऊ नकोस. माझं चुकलं.'"

"शेवटचं मी सांगितलं नाही," ओतीलिया म्हणाली.

"नाही सांगितलं. पण मघापासून तुम्ही तीनदा ओठांवर आणून गिळलंत, सेन्योरा. खोडू?"

ओतीलियानं हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले.

"राहू दे," ती म्हणाली.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला तिनं उत्तरेची खिडकी सताड उघडली. बाहेर उणे आठ होतं. वारा जणू तीन महिन्यांची उधारी वसूल करायला आत घुसला. ती कोट, टोपी, हातमोजे घालून यंत्रापाशी बसली, आता खिडकीकडं तोंड करून. साडेबाराला रेडिओवर तिचा निरोप लागला. स्वतःचं नाव ऐकून तिचे कान तापले, बाकी सगळं अंग गारठलेलं असताना. तेवढ्यात फाटकावर हाक आली आणि ती ताडकन उठली, पण तो माएस्त्रो ओयार्सो होता, भिंतीवरच्या तापमानाच्या यंत्राची नोंद घ्यायला आलेला.

"दोन्या!" तो दारातूनच ओरडला. "हे काय चालवलंय? मी फटी बुजवायला आठवडा घालवला आणि तुम्ही भगदाड पाडून बसलात?"

"भाऊ यायचाय."

"मग दारातून येईल की! खिडकीतून येणार आहे का?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. माएस्त्रोचं तोंड लहान झालं. काचा किती जाड असाव्यात, त्यांच्यात किती अंतर असावं, हे त्याला पाठ होतं. फाटकावरच्या हाकेचं त्याच्या कुठल्याच कागदात नव्हतं. आणि तो तर इथलाच, रोज दहा फाटकांवर ओरडणारा.

"घंटी बसवून देऊ?" त्यानं विचारलं.

"घंटी वाजवून माझा भाऊ येईल? तो काय वीज तोडायला येणार आहे?"

माएस्त्रोनं मान हलवली. एक वाजता त्यानं स्वतः खिडकी लावली आणि तो नोंदीच्या यंत्राकडं बघत बसला. अर्ध्या तासात खोलीत पुन्हा बसण्याजोगी ऊब आली. भिंत हळूहळू आपल्याजवळचं देत होती. "भिंतीत मीठ नसतं ना, तर रात्रीपर्यंत तुमचं बर्फ झालं असतं," तो म्हणाला. "उघडा उद्याही. सांभाळून घेईल ती." जाताना तो जरा अडखळला. "यापुढं ज्या घरात काम करीन, तिथं आधी फाटक बघीन मी."

शुक्रवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले. ओतीलियाला बसवेना. चारची बस. गाडी बर्फात अडकली असेल. किंवा निरोप ऐकून त्यानं रेडिओच बंद केला असेल. तिनंही तेच केलं असतं. शेवटी हाताला काम हवं म्हणून ती आत स्वयंपाकघरात गेली आणि तळणीच्या भाकऱ्यांसाठी पीठ मळायला बसली. बेलार्मिनोला त्या आवडत. तो नाही आला तर कुत्रं खाईल, असं तिनं ठरवलं आणि ठरवता ठरवता तिचे डोळे भरून आले, कारण इतक्या भाकऱ्या एक कुत्रं खाणार नव्हतं.

"आलोऽऽ! ओती! ओतीऽऽ! मेलीस की काय गं? आलोऽऽ!"

ती पिठाच्या हातांनी खिडकीकडं धावली. फाटकाबाहेर लाकूड वाहायचा त्याचा ट्रक, चाकांना बर्फासाठी साखळ्या बांधलेला, सुरूच होता, आणि बेलार्मिनो टोपी हातात घेऊन ओरडत होता, चेहरा लालबुंद.

"खिडकी लाव! सताड उघडी टाकलीय बावळट बाईनं! सगळी ऊब बाहेर चाललीय!"

जन्मभर थोरल्या भावाचं ऐकायची सवय. तिनं खिडकी खाडकन लावली. आणि त्याचा आवाज बंद झाला. तो बोलतच होता. त्याचे ओठ हलत होते, हात हवेत उडत होते, तोंडातून वाफ निघत होती, आणि आत काही म्हणजे काही येत नव्हतं. ओतीलियानं पिठाळ हात कानाशी नेला आणि मान हलवली. त्यानं आणखी जोरात तोंड उघडलं. तिनं पुन्हा मान हलवली. मग हळूहळू तो थांबला. त्यानं काचेकडं पाहिलं, तिच्या कानाकडं पाहिलं. टोपी धरलेला हात खाली आला.

ओतीलियानं दार उघडलं. "ये की!" ती म्हणाली, आणि ते दोन शब्दसुद्धा तिला नीट म्हणता आले नाहीत.

बेलार्मिनो आत आला तेव्हा घर गारठलेलंच होतं. तो खुर्ची ओढून भिंतीशी बसला, पाठ टेकली आणि दचकून पुढं झाला. मागं वळून त्यानं भिंतीवर हात ठेवला.

"आत पेटवलंय का काही?"

"मीठ आहे."

"हं," तो म्हणाला आणि पाठ पुन्हा टेकली, या खेपेला सावकाश. कुत्रं येऊन त्याच्या बुटांवर पडलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खोकला?"

"नाही आता."

"अजिबात?"

"अजिबात."

त्यानं भिंतीवरचा हात काढला नाही. "बरं झालं," तो म्हणाला. तीस हिवाळे लाकूड घालणाऱ्या माणसाला हे दोन शब्द किती जड गेले असतील, ते तिला कळलं. तिनं भोपळ्यात येर्बा भरली, पाणी ओतलं आणि पहिला भोपळा त्याच्या हातात दिला.

"रेडिओवरचा निरोप ऐकलास ना?"

"कुठला निरोप? रेडिओ मंगळवारीच गुंडाळून ट्रंकेत टाकला." मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणून होय! सकाळपासून बघतोय, रस्त्यात जो तो माझ्याकडं बघून दात काढतोय. पुलावर तर एकानं गाडी थांबवून सांगितलं, 'बेलार्मिनो, जोरात ओरड हां.' मला वाटलं प्यायलाय. काय सांगितलंस तू रेडिओवर?"

"काही नाही. हेच. काचांचं."

"सगळ्या प्रांताला सांगितलंस आणि मला सांगत नाहीस?"

ओतीलियानं बोटांवरचं पीठ खरवडलं. "ऐकू आलं नाही, असं सांगितलं. रागावले नव्हते, असं सांगितलं. आणि..." शेवटचे शब्द तिनं इतके हळू म्हटले की कुत्र्यालाही ऐकू गेले नसतील.

"काय? इथं आतपण काच आहे का?"

"माझं चुकलं!" ती ओरडली. "झालं समाधान? माझं चुकलं!"

"आता कसं," बेलार्मिनो म्हणाला आणि नळीनं चहा ओढता ओढता हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, तो तिनं पाठीवर थापट्या मारून घालवला. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिचा हात थांबला.

"मिनो, निरोप तू ऐकलाच नाहीस. मग तू आलास कशाला?"

त्यानं भोपळा दोन्ही हातांत धरला.

"हाक मारायला नव्हतो आलो," तो म्हणाला. "माझ्या चार हाका झाल्या होत्या. म्हटलं, बसकडं जाता जाता फाटकाशी गाडी जरा हळू करावी. तू पाठमोरी बसलेली असशील. तेवढी पाठ बघावी आणि जावं." त्यानं घसा खाकरला. "तर खिडकी सताड उघडी. म्हटलं, ही बाई पुन्हा आजारी पडणार. म्हणून ओरडलो."

 पीठ मळायचं राहिलं होतं, कढई तापवायची राहिली होती, दीड वाजत आला होता. ओतीलियानं आपली खुर्ची उचलली, त्याच्या समोर आणून ठेवली आणि त्याच्याकडं तोंड करून बसली. बसची वेळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही.